डॉक्टरीणबाईंना दिलेली पिशवी

साओ पावलो,
६ मे २००१

ती. वाल्देलिसे वहिनीस,
धाकटा दीर जुरांदिर याचा सा. न. वि. वि.

नाही म्हणजे नाही. मागच्या पत्रात तेच, त्याच्या मागच्यात तेच, आणि आता पुन्हा तेच लिहिलंस की परत ये आणि दादाच्या जागी घायपाताचा वाख काढायच्या मोटरीवर उभा राहा. मी मोटरीवर उभा राहणार नाही. नेको मालकाला सांग, तुझ्या मोटरीने आमच्या घरातला एक हात खाल्ला, तेवढ्यावर पोट भर म्हणावं. तू त्या दिवशी तिथे नव्हतीस. मी होतो, ओल्या वाखाच्या मोळ्या उचलत होतो. घायपाताची पात आत सारताना वाख मनगटाला गुंडाळला गेला आणि मोटरीने दादाला असं ओढलं, जसं कोणी ओळखीचं माणूस हात धरून घरात नेतं. मोटर बंद करायला नेकोचा माणूस धावला तो चालत चालत धावला. ते मी पाहिलंय. म्हणून येत नाही.

आणि मी आलो नाही तर जूनमधला संत जुआंवचा सण झाला की तू स्वतः मोटरीवर जाशील, असं लिहून मला घाबरवतेस. घाबरलो. झालं समाधान? पण त्यावर उपाय मी येणं हा नाही. उपाय दुसरा आहे आणि तो मी दोनदा कळवलाय. आमच्या खोलीत देओक्लेसियो म्हणून एक जण आहे. त्याच्या चुलत्याला पाय नाही. त्याला सरकार महिन्याच्या महिन्याला किमान पगार देतं, पूर्ण एकशेऐंशी रेआल, घरबसल्या. तालुक्याच्या कचेरीत अर्ज करायचा, त्यांचे डॉक्टर तपासतात आणि लिहून देतात की हा माणूस काम करू शकत नाही. कोपरापासून खाली हातच नाही म्हटल्यावर त्यात तपासायचं काय, हे मला कळत नाही, पण तपासतात.

दादा म्हणतो म्हणे की सरकारचं घेणं म्हणजे भीक. त्याला विचार, हात गेल्यावर नेकोने एक बकरी आणून बांधली ती काय होती, आहेर होता?

माझं विचारशील तर मागचं काम सोडलं. मुकादम शिव्या देतो म्हणून नाही, शिव्या तो चांगल्या द्यायचा. कंटाळा आला. आता फरशा बसवायला जातो. या महिन्यात पैसे नाहीत, बूट घेतले. रोझेनीला काकाचा पापा. तुझ्या हातची गुळचट कॉफी इथे मिळत नाही, त्याबद्दल देवाचे आभार.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा राहू दे.
जुरांदिर


काल्देइरांव,
१९ जुलै २००१

चि. जुरांदिर यास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. कॉफीवरून बोललास ते लक्षात ठेवलंय.

तुझं ऐकलं. जाऊन आलो. तुझ्या भावाला तयार करायला मला दोन महिने लागले. शेवटी मी म्हटलं, तू येत नसशील तर मी नेकोकडे नाव घालते, तेव्हा उठला. पण उठला तो नवरदेवासारखा. आदल्या दिवशी केस कापून घेतले, लग्नातला पांढरा सदरा काढायला लावला, मी इस्त्री केली. आणि म्हणाला, एवढ्या मोठ्या माणसाकडे जायचं तर असंच कसं जायचं. कोंबडी नेऊ म्हटलं तर म्हणाला, कोंबडी गाडीत घाण करते. मग वाखाची पिशवी विणायला बसला.

तुला माहीत नाही, तू गेल्यावर तो हे शिकलाय. एक टोक दातात, एक पायाच्या अंगठ्याला, तुटका हात मधे दाबायला आणि डाव्याने वीण. आधी नुसते दोर वळायचा, मग रोझेनीचा झोका केला, बाजेचं विणकाम केलं. ही पिशवी तर विचारू नकोस. काठाला लाल दोरा, मधे नागमोडी नक्षी. तळाची गाठ तेवढी मी मारली, ती त्याला जमत नाही. तीन आठवडे लागले. मला हातसुद्धा लावू देत नव्हता, म्हणे मळेल.

तपासायला डॉक्टरीणबाई होत्या, तरुण आहेत, राजधानीच्या. इतक्या गोड बोलल्या की मला भीती होती ती पार गेली. तुझ्या भावाने पिशवी पुढे केली तर खुर्चीतून उठल्या. कुठून घेतली म्हणाल्या. हा लाजला, म्हणाला मीच केली. त्यांना खरं वाटेना. मग यानं चप्पल काढली, खिशातून वाख काढला आणि तिथेच करून दाखवलं. बाजूच्या खोलीतल्या बाईला सुद्धा बोलावून दाखवलं त्यांनी. सगळे हसत होते, वाईट नाही, कौतुकाने. मग विचारलं, सदरा कोण घालून देतं. हा म्हणाला मीच, बटणंही मीच. पाणी आणता का, तर हो, बकऱ्यांचं बघता का, तर हो. परक्या बाईसमोर कोण पुरुष म्हणेल की मला हे येत नाही? आम्हांला कॉफी दिली. पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवली.

येताना तुझा भाऊ ट्रकच्या टपावर बसून गात होता. हात गेल्यापासून मी त्याचं गाणं ऐकलं नव्हतं. निकाल पत्राने येईल. पेन्शन झालीच समज.

असाच लोभ ठेव, आणि काम टिकव.
तुझी वहिनी वाल्देलिसे


काल्देइरांव,
२ सप्टेंबर २००१

चि. जुरांदिर यास आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, हात दुखतात. कचेरीचा कागद आला. दुकानवाल्या दोना इरासीने आणून दिला, पाकीट उघडं होतं, गोंद सुटला होता म्हणाली. तिच्या दुकानात आलेल्या सगळ्या पत्रांचा गोंद सुटतो.

कागदात आहे की अर्जदार स्वतः कपडे घालतो, घरातली कामं करतो, स्वच्छ व नीटनेटका आहे, मन प्रसन्न आहे. हस्तकलेत निपुण असून नमुना तपासणीच्या वेळी सादर केला. सबब स्वतंत्र जगण्यास व काम करण्यास समर्थ. अर्ज नामंजूर.

तुझ्या भावाने मला ते दोनदा वाचायला लावलं. नमुना म्हणजे काय, म्हणाला. मी सांगितलं. मग म्हणाला, मी तर भेट दिली होती.

त्यानंतर वाखाला हात लावलेला नाही. मी नेकोकडे जाते. आधी मोळ्या उचलायला गेले होते, पण पात सारणाराला दुप्पट देतात, म्हणून त्या जागी उभी राहते. नेको म्हणतो, बायकांचे हात बारीक असतात, अडकले तरी सुटून येतात. त्याची माणसं हसली. तुझा भाऊ सकाळी मला निरोप द्यायला बाहेर येत नाही. संध्याकाळी मात्र फाटकाशी उभा असतो आणि आधी माझ्या हातांकडे बघतो, मग तोंडाकडे.

पुन्हा अर्ज करता येतो म्हणे. तू सांग काय करायचं.
वाल्देलिसे


साओ पावलो,
१६ सप्टेंबर २००१

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांना काय म्हणावं? लग्नाला गेला होतात का तुम्ही? इस्त्री काय, नक्षी काय. लुळ्याची पेन्शन मागायला गेलात आणि त्यांना सर्कस दाखवून आलात. देओक्लेसियोला वाचून दाखवलं तर त्याने कपाळावर हात मारला. त्याच्या चुलत्याला नुसता पाय नाही एवढ्यावर पेन्शन नाही मिळाली. त्याला तपासायला आले तेव्हा बाजेवरून उठलाच नाही, आणि उशाशी मुताचं भांडं ठेवलं होतं.

आता मी सांगतो ते कर, आणि दादाने ऐकलं नाही तरी कर. अर्ज पुन्हा कर. यावेळी म्हण की आम्हांला तालुक्याला यायला जमत नाही, म्हणजे बाई घरी बघायला येतील. त्या यायच्या आधी चार दिवस दादाने आंघोळ करायची नाही, दाढी करायची नाही. सदरा फाटका, बटणं उघडी, आणि बटणं तू लावायची, त्यांच्यासमोर. बोलायचं तूच. तो बोलला तर दोन शब्द, तेही खाली बघून. हसायचं तर मुळीच नाही. दादा हसला की चांगला दिसतो, आणि चांगल्या दिसणाऱ्याला सरकार काही देत नाही.

घरात त्याने विणलेलं जे काही असेल ते नाहीसं कर. झोका, बाजेची वीण, दोर, सगळं. शेजारी ठेवायला देऊ नकोस, आपले शेजारी म्हणजे दोना इरासीचेच भाऊबंद. रोझेनीला शिकवून ठेव. तिला नक्की विचारतील, लहान मुलं खरं बोलतात असा त्यांचा समज आहे.

वहिनी, मला ठाऊक आहे मी काय लिहितोय. तुझ्या पत्रात पात सारते एवढंच लिहिलं आहेस, आणि तेवढ्यानं मी दोन दिवस जेवलो नाही. माझ्यावर रागव, दादाला म्हण की तो हरामखोर जुरा सांगतोय म्हणून करतेय. पण कर.

मी आता रंगाच्या कामावर आहे. फरशांचं जमलं नाही.

रागासकट लोभ असू दे.
जुरांदिर


काल्देइरांव,
९ डिसेंबर २००१

चि. जुरांदिर यास आशीर्वाद.

पेन्शन झाली. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं वाचशील.

तू म्हणालास तसं सगळं केलं. झोका मी रोझेनी शाळेत गेल्यावर काढला. सगळा वाख परसात एका जागी रचला आणि पेटवला. सुका वाख फार लवकर जळतो. तुझा भाऊ दारात उभा राहून बघत होता. बाजेची वीण टाकायला मी गेले तेव्हा म्हणाला, ती राहू दे, निजायला लागते. मी म्हटलं जमिनीवर निजू. तेव्हापासून जमिनीवर निजतो.

बाई आल्या त्या वेगळ्या होत्या, वयस्क, खूप घरं बघून थकलेल्या. तोंडाला रुमाल. तुझा भाऊ कोपऱ्यात बसला होता. त्याच्या अंगाला वास येत होता, जुरा. लग्नाला अकरा वर्षं झाली, या माणसाने मला कधी घामट अंगाने जवळ घेतलं नाही, आणि मी त्याला धुऊ दिलं नाही. बाईंनी विचारलं जेवतो कसा, मी म्हटलं मी भरवते. कपडे? मी घालते. मग विचारलं, परसाकडे? मी म्हटलं, मी नेते, मीच धुते. त्या माझ्याकडे बघून थांबल्या, आणि तुझ्या भावाकडे वळून विचारलं की खरं का हे. इतका वेळ त्याने मान वर केली नव्हती. आता केली, माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाला.

रोझेनीला विचारलं की बाबा तुझ्याशी काय खेळतात. ती म्हणाली, बाबांना काही येत नाही. मी शिकवलेलं वाक्य तेच होतं, पण तिने ते इतकं खरं म्हटलं की मीच दचकले. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी कॉफी पुढे केली ती घेतली नाही.

मी नेकोचं काम सोडलं. माझे दोन्ही हात जागेवर आहेत, अक्षरावरून दिसतच असेल. घरात पीठ आहे, शेंगा आहेत, नाताळाला बकरीचं मटण करीन. दोन वर्षांनी पुन्हा तपासतील म्हणे, आणि मधे कोणी कळवलं तर केव्हाही. दोना इरासी मला हे हसत हसत सांगते आणि उधारी फेडायला सांगते. तिची फेडते आधी.

तुझे उपकार म्हणू की काय म्हणू, कळत नाही. लोभ आहेच.
वाल्देलिसे


काल्देइरांव
१० मार्च

जुरा,
दादाचा आशीर्वाद. हे मीच लिहितो आहे. डाव्या हाताने. रोझेनीची जुनी वही घेतली. ती झोपली आणि वाल्देलिसे पाण्याला गेली की शिकतो. वाचून जाळ. कचेरीच्या माणसाला दिसलं तर पेन्शन जाईल.

मी पाण्याला जात नाही. एकदा गेलो तर दुकानापाशी कोणी ओरडलं, बघा, समर्थ निघाला डबा घेऊन. वाल्देलिसेने माझ्या हातून डबा घेतला. तेव्हापासून तीच नेते. मी घरात बसतो. गाडीचा आवाज आला की ती मला तो फाटका सदरा देते. मी घालतो. बटणं ती लावते. गाडी पुढे निघून जाते. सदरा ती काढत नाही, म्हणते असू दे, गाडी पुन्हा येईल.

रोझेनी मला पाणी पाजते. मी म्हटलं मला पिता येतं. ती म्हणाली, बाबा, असं बोलायचं नाही.

नेको रस्त्यात भेटला. म्हणाला तुझं नशीब, माझ्या मोटरीने तुला पगार मिळवून दिला. मी खाली बघितलं. सवय झाली आहे.

तुला एक मागतो. कधी काही मागितलं नाही. तू दर महिन्याला एकशेऐंशी पाठवशील का? मी कचेरीत जाऊन सांगतो की मला विणता येतं, मी खोटं बोललो. मग वाल्देलिसेला मोटरीवर जावं लागणार नाही आणि मला उठता येईल. पिशव्या विकून मी हळूहळू तुला परत देईन. बाजारात एक बाई घेते म्हणते.

हो म्हणालास तर मी लगेच जाईन. वाल्देलिसेला माहीत नाही.
एराक्लिओ


साओ पावलो,
३१ मार्च २००२

वहिनी, पाकीट तुझ्या नावाचं आहे पण पत्र दादाचं आहे. त्याला दे. वाचल्याशिवाय तू राहणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तर वाचून झाल्यावर तरी काही बोलू नकोस.

ती. दादास,
जुरांदिरचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि मी ते जाळलं. आधी चार वेळा वाचलं. पाकिटावरचा पत्ताही तूच लिहिला होतास. ते पाकीट दोना इरासीच्या हातून गेलंय, तिने अक्षर बघितलं असेल. तिने विचारलं तर सांग की रोझेनीने लिहिला. पुन्हा असं करू नकोस.

मी मुकादमाकडे गेलो होतो. त्याला म्हटलं मला कायमचं काम दे, मी कुठे जाणार नाही, कागदावर सही घे. तो म्हणाला, तू आणि कायम. तिथे जे होते ते सगळे हसले. मीही हसलो. मग मी देओक्लेसियोबरोबर बसून हिशेब केला. खोली, जेवण, बस. राहतं ते एकशेऐंशीच्या जवळपाससुद्धा येत नाही, आणि येतं ते सगळ्या महिन्यांत येत नाही. तुला हे खोटं वाटेल, मी इथे ऐश करतो असं गावात बोलतात. करतो थोडी. पण ती सोडली तरी पुरत नाही.

मी हो म्हणालो असतो, दादा. एक महिना दिले असते, दुसऱ्या महिन्यात उसने काढून दिले असते. तिसऱ्या महिन्यात मी कुठे असेन ते मला माहीत नाही. तू मला ओळखतोस, तूच मला वाढवलंस, मी एका जागी ठरलेला तू कधी बघितलास का? आणि तोवर तू कचेरीत जाऊन सांगून मोकळा झालेला असशील. बाजारातली बाई महिन्यात किती पिशव्या घेईल? तू किती विणशील? तीन आठवड्यांना एक. मग सोमवारी सकाळी वहिनी पात सारायला उभी राहील, आणि तू फाटकाशी तिची वाट बघशील. तू आतून ओढला गेलास, तुला ते बाहेरून कसं दिसतं ते माहीत नाही. मला माहीत आहे. मला वहिनीला तिथे बघायचं नाही.

म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. तू बस. सदरा दिला की घाल. रोझेनी पाणी पाजते तर पी. ती मोठी झाली की आपण तिला सांगू, तेव्हा तिला कळेल, नाही कळलं तर नाही. नेको काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नकोस.

आणि लिहू नकोस. तुझ्या डाव्या हाताचं अक्षर माझ्या उजव्यापेक्षा चांगलं आहे. मुकादमाच्या पोराला दाखवलं असतं तर म्हणाला असता की शाळा शिकलेल्या माणसाचं आहे. म्हणूनच लिहू नकोस. वही चुलीत घाल. तुला एवढं येतं हे मला कळलं, तेवढं पुरे.

माझ्यावरचा लोभ गेला असेल तर मी समजेन. वहिनीच्या नावाने मनीऑर्डर केली आहे, बावीस रेआल.

तुझा,
जुरांदिर